हरवलेल्या माणसापर्यंतची वाट

हरवलेला माणूस शोधण्याचे गणित मांडता येते असे सांगितले की ऐकणाऱ्याला ते जरा निर्दय वाटते. माणूस डोंगरात अडकला आहे, घरचे लोक पायथ्याच्या वाडीत डोळे लावून बसले आहेत, आणि तुम्ही टक्के कसले मोजताय? पण शोधपथकाचा प्रमुख नेमके हेच करत असतो, फक्त कागदावर नाही, मनात. 'नाळेत असण्याची शक्यता जास्त', 'पठार आधी उरकून घेऊ', 'सोंडेवर आता नको, उजाडल्यावर बघू' ही सगळी संभाव्यतेचीच वाक्ये आहेत. मी पुण्यात संगणकशास्त्र शिकवतो आणि सह्याद्रीत भटकतो. हे दोन नाद एकत्र आले आणि गेली काही वर्षे शोधमार्ग संगणकाकडून आखून घेण्याच्या प्रयोगांत मी गुंतलो आहे. त्या आखणीमागची कल्पना इथे सांगायची आहे. आणि त्या आखणीत संगणकाला सोडवता न येणारा एक प्रश्न दडलेला आहे, तोही.

या विषयाचा जन्म डोंगरात नाही, समुद्रात झाला. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांना हुडकण्यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ साली शास्त्रज्ञांचा एक गट उभा केला. पदार्थवैज्ञानिक फिलिप मोर्स त्याचे प्रमुख होते. बर्नार्ड कूपमन हे गणिती त्याच गटातले. विमाने मोजकी, समुद्र अफाट, तेव्हा कुठे किती वेळ शोधायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी हे सगळे काम एका अहवालात बांधले, आणि आज 'शोधाचा सिद्धांत' म्हणून जे शिकवले जाते त्याचा पाया तोच आहे.

कूपमन यांनी एका गोंधळाचे दोन वेगळे प्रश्न केले. हरवलेली वस्तू या भागात असण्याची संभाव्यता किती? आणि ती इथे असेलच, तर आपण एवढा वेळ शोधल्यावर ती दिसण्याची संभाव्यता किती? या दोहोंचा गुणाकार म्हणजे यशाची संभाव्यता. ऐकायला साधे आहे, पण बहुतेक माणसे दुसरा प्रश्न विसरतात. 'तिकडे बघून आलो, नाही कोणी' या वाक्यात त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शंभर टक्के असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ते तसे कधीच नसते. एखाद्या भागाच्या क्षेत्रफळाएवढी जागा आपल्या नजरेखालून गेली, पण काही जागा दोनदा आणि काही एकदाही नाही, असा विस्कळीत शोध झाला, तर कूपमन यांच्या सूत्राप्रमाणे वस्तू दिसण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के येते. दुप्पट मेहनत केली तर ८६. तिप्पट केली तर ९५. शंभराला काही आपण पोहोचत नाही.

आता हे आपल्या डोंगरात आणू. समजा, श्रावणातल्या धुक्यात घाटमाथ्यावर एक जण गटापासून सुटला. शोध घ्यायला एकच पथक आहे आणि अंधार पडायला पाच तास. माहीतगारांशी बोलून आपण असे ठरवले: खाली उतरणाऱ्या नाळेत तो असण्याची शक्यता ४० टक्के, पठारावर ३०, कारवीने भरलेल्या सोंडेवर २० आणि या सगळ्याच्या बाहेर कुठेतरी १०. नाळ एकदा पालथी घालायला दोन तास लागतात, आणि तिथल्या दगडधोंड्यांत व झाडोऱ्यात असलेला माणूस दिसण्याची शक्यता निम्मीच. पठार मोकळे, एका तासात ९० टक्के खात्रीने बघून होते. सोंडेला तीन तास, खात्री ६० टक्के.

पहिल्यांदा कुठे जायचे? मन म्हणते नाळ, कारण ४० टक्के तिथे आहेत. हिशेब वेगळे सांगतो. पठारावर एका तासात २७ टक्के यश पदरात पडते. नाळेत दोन तासांत २०, म्हणजे तासाला १०. सोंडेवर तीन तासांत १२, म्हणजे तासाला ४. तेव्हा आधी पठार. तिथे कोणी मिळाले नाही, तर तो तासही वाया गेलेला नसतो. पठारावर असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता आता तीनच टक्के उरते. बाकीच्या जागांचे वजन त्या प्रमाणात वाढते आणि नाळेचे ४० टक्के जवळजवळ ५५ होतात. मग नाळ. तिथेही नाही मिळाला तर? सोंड अजून कोणी पाहिलेली नाही, म्हणून आपण तिकडे वळायला निघतो. पण नाळ दुसऱ्यांदा शोधली तर आणखी १० टक्के मिळतात, तासाला ५. सोंडेवर तासाला चारच. म्हणजे नुकतीच पाहून आलेली नाळच पुन्हा पाहायची. अर्थात तीच माणसे त्याच वाटेने, त्याच दिशेने गेली तर त्यांची नजर त्याच जागा पुन्हा चुकवील. दुसरी फेरी खालून वर केली तरच हा हिशेब खरा.

'सापडले नाही' या माहितीची नेमकी किंमत ठरवणे किती महत्त्वाचे असते, हे एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाने जगाला दाखवले. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये २२८ जणांसह कोसळले. पहिल्या आठवड्यांत जहाजांनी विमानाच्या नोंदपेट्यांमधून येणारे ध्वनिसंकेत ऐकण्याचा प्रयत्न केला. काही ऐकू आले नाही, म्हणून तो भाग जणू निकालात निघाला. पुढे समुद्रतळावरचा शोधही हाती काही न लागता संपला. मग फ्रान्सच्या तपास संस्थेने मेट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गणितज्ञांना बोलावले. त्यांनी आतापर्यंतच्या प्रत्येक अपयशाला त्याच्या त्याच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन दिले आणि एक साधी शंका जमेला धरली: ते संकेत देणारी यंत्रे बंदच पडली असतील तर? तसे धरताच नकाशावरचा सर्वांत गडद ठिपका विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळ, म्हणजे आधी ऐकून सोडून दिलेल्या भागात सरकला. एप्रिल २०११ मध्ये, नव्या मोहिमेच्या पहिल्या आठवडाभरातच, सुमारे चार हजार मीटर खोलीवर अवशेष सापडले.

माझ्या वरच्या उदाहरणात तीनच जागा होत्या, म्हणून बोटांवर हिशेब झाला. खरा डोंगर असा तीन कप्प्यांत येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानातून रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली गेली आणि ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते. साधारण ३० मीटरचा एक चौकोन. तीन किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख घेतला तर दहा हजार चौकोन झाले. प्रत्येकात माणूस असण्याची संभाव्यता वेगळी, दिसण्याची वेगळी, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जायला लागणारा वेळही वेगळा. इथे 'जास्त फायदा दिसेल तिकडे आधी' हे धोरण फसते. जवळच्या चांगल्या चौकोनाच्या मोहाने पथक सोंडेच्या एका अंगाला उतरते आणि मग दुसऱ्या अंगाच्या दहा चांगल्या चौकोनांसाठी पुन्हा तासाभराचा चढ येतो.

सगळ्या वाटा तपासून उत्तम ती निवडावी म्हटले, तर दर पावलाला चारच दिशा धरल्या तरी साठ पावलांच्या वाटांची संख्या होते एकावर छत्तीस शून्ये. ट्रमेल आणि वाइसिंगर या दोघांनी १९८६ मध्ये सिद्ध केले की शोधमार्गाचा हा प्रश्न गणितातल्या त्या कुप्रसिद्ध कुळातला आहे, ज्यातले प्रश्न खात्रीने आणि झटपट सोडवण्याची कोणतीही रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. थोडक्यात, सर्वोत्तम वाटेचा आग्रह सोडावा लागतो. बऱ्यापैकी चांगली वाट, आणि ती पथक बूट बांधत असेपर्यंत हातात, एवढेच मागायचे.

उत्क्रांतीची रीत नेमकी इथे कामाला येते. १९६०च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रभागांचे आकार सुधारण्यासाठी निसर्गाची नक्कल केली: थोडा बदल करा, बरे झाले तर ठेवा, नाही तर टाका. अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी त्यात संकराची कल्पना आणली आणि १९७५च्या आपल्या ग्रंथात तिची उपपत्ती मांडली. आमच्या कामात प्रत्येक 'जीव' म्हणजे एक वाट, चौकोनांची एक माळ. सुरुवातीला अशा दोनशे वाटा घ्यायच्या, बहुतेक अगदी अडाणी. प्रत्येकीला गुण द्यायचे. ज्यांना जास्त गुण त्यांना वंश पुढे नेण्याची जास्त संधी.

संकर कसा होतो ते मला सगळ्यांत आवडते, कारण डोंगरात फिरणाऱ्याला ते लगेच कळते. दोन वाटा एखाद्या खिंडीत एकमेकींना छेदतात. तिथे त्यांची शेपटे बदलायची: खिंडीपर्यंत पहिलीने यायचे आणि पुढे दुसरीने जायचे, आणि उलट. एका वाटेने पठार चांगले घेतले असेल आणि दुसरीने नाळ, तर एखाद्या अपत्यात दोन्ही गुण उतरतात. उत्परिवर्तन म्हणजे मधलाच एखादा टप्पा जरा इकडे-तिकडे सरकवणे. असे शे-दोनशे पिढ्या चालले की अडाणी वाटांच्या पोटी शहाण्या वाटा जन्मतात. कुठल्याही क्षणी थांबवा, तोवरची सर्वांत बरी वाट हाताशी असते. घाईच्या कामात हा गुण फार मोलाचा.

दोष अर्थात आहेत. काही पिढ्यांनंतर सगळ्या वाटा एकमेकींच्या बहिणी दिसू लागतात, आणि मग संकर करून काही नवे निघत नाही. त्यासाठी अधूनमधून परके रक्त मिसळावे लागते. पहिल्या पिढीत मी एक-दोन वाटा मुद्दाम माणसाने आखलेल्या टाकतो. घाटाखालच्या एका वाडीत एका म्हाताऱ्या गुराख्याला मी विचारले होते, बाबा, चुकलेला माणूस कुठे जातो? ते म्हणाले, "गुरू चुकलं तर पान्यावर येतं, मानूस चुकला की उताराला लागतो. ढोरवाट त्याला वाट वाटती आनि ती नाळंच्या तोंडाशी नेऊन सोडती." हे एक वाक्य नकाशावर चढवले की कितीतरी चौकोनांचे वजन बदलते. शिवाय सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर, त्यामुळे नाळेत अचानक आठ-दहा मीटरचा कातळटप्पा लागतो. तीस मीटरच्या चौकोनात तो टप्पा सरासरीत विरघळून जातो. संगणकाला तिथे नुसता तीव्र उतार दिसतो. गुराख्याला माहीत असते की तिथून खाली गेलेला माणूस परत वर येऊ शकत नाही.

हरवलेली माणसे कशी वागतात याचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत पद्धतशीरपणे झाला आहे. रॉबर्ट कोएस्टर यांनी हजारो घटनांच्या नोंदी जमवून २००८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती अडकेपर्यंत पुढे पुढेच जात राहते, अगदी लहान मूल आडोशाला शिरून झोपी जाते आणि हाकेला ओ देत नाही, गिर्यारोहक वाटेच्या खुणांमागे जातो, असे त्यातून दिसते. पण ते आकडे तिकडच्या जंगलांचे आणि तिकडच्या रस्त्यांचे. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या आपल्याकडच्या पथकांच्या डोक्यात जे साठले आहे, ते तक्त्यात उतरले तर आपल्या डोंगरांचा नकाशा आपल्याच अनुभवावर बेतता येईल, असे मला फार वाटते.

आता तो दडलेला प्रश्न. उत्क्रांती आंधळी असते. तुम्ही ज्याला गुण द्याल ते ती निष्ठेने मिळवून देते आणि त्यापलीकडे काही बघत नाही. १९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी संगणकात आभासी प्राणी उत्क्रांत केले तेव्हा त्यांना एक बंदोबस्त करावा लागला: वेगाला गुण आहेत म्हटल्यावर उंच वाढायचे आणि धाडकन कोसळून वेग मिळवायचा, ही पळवाट बंद करण्याचा. शोधमार्गांतही हेच. उताराला दंड नसेल तर वाट सरळ धबधब्यावरून उडी घेते. ड्रोनला वळताना वेळ लागतो हे सांगितले नाही तर तो माशीसारखा घिरट्या घालतो. या पळवाटा बुजवता येतात. पण मुळात गुण कशाला द्यायचे?

सरळ उत्तर: पाच तासांत माणूस सापडण्याच्या एकूण संभाव्यतेला. आधीच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. पठार, नाळ, परत नाळ या क्रमाने एकूण ५७ टक्के. आता उलटा क्रम घ्या: नाळ, परत नाळ, शेवटी पठार. तरीही ५७! या गुणपद्धतीला दोन्ही वाटा अगदी सारख्या. कुठल्याही माणसाला ते पटणार नाही, कारण लवकर सापडणे आणि उशिरा सापडणे एक नव्हे. म्हणून अलीकडे संशोधकांनी वेळेलाच गुण द्यायला सुरुवात केली आहे. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातल्या एका गटाचे 'किमान वेळेतला शोध' या प्रश्नावर बरेच काम आहे, आणि ड्रोनसाठी उत्क्रांतीची रीत त्यांनी वापरली आहे. वेळ मोजली तर पहिला क्रम स्पष्ट जिंकतो. प्रत्येक भागाचा शोध संपतो तेव्हा माणूस मिळतो असे धरले, तर सापडण्याची सरासरी वेळ पहिल्या क्रमात २ तास २४ मिनिटे येते आणि दुसऱ्यात ३ तास ४६ मिनिटे.

मग ठरले, पठार आधी? थांबा. पठारावर धुक्यात बसलेला माणूस भिजेल, घाबरेल, पण रात्रसुद्धा काढील. नाळेत अडकलेला बहुधा पडलेला असतो, पाणी वाढत असते, अंग गार पडत असते. उदाहरणापुरते समजा की पठारावरचा माणूस पाचही तास सुखरूप राहील. नाळेतला मात्र दुसऱ्या तासाला जिवंत असण्याची शक्यता ९० टक्के, तिसऱ्याला ७०, चौथ्याला ५० आणि पाचव्याला ३०. आता 'सापडणे' याऐवजी 'जिवंत सापडणे' मोजू. पठार आधी घेतले तर २७ अधिक १४ अधिक ३, म्हणजे ४४ टक्के. नाळ दोनदा पाहून पठार शेवटी ठेवले तर १८ अधिक ५ अधिक २७, म्हणजे ५०. जो क्रम वेळेच्या हिशेबात सपशेल हरला, तोच इथे जिंकला. नकाशा तोच, पथक तेच, अल्गोरिदमचे एक अक्षरही बदललेले नाही. बदलली ती फक्त आपण मागितलेली गोष्ट.

आणि हे मागणे मांडायला धैर्य लागते. जगण्याचा तो तक्ता कोणीतरी बसून भरावा लागतो: किती तासांनंतर आशा किती. रेस्क्यूच्या पोरांना हे उघड बोलायला आवडत नाही, मलाही आवडत नाही. पण तक्ता भरला नाही म्हणून तो नसतो असे होत नाही. कोरा ठेवला की आपण 'पाचव्या तासालाही सगळे सारखेच' असे भरल्यासारखे होते. आणि तो तक्ता उतरता असतो, त्यामुळे नाळेसारख्या जागेचे वजन पहिल्या तासांत जास्त आणि नंतर कमी होत जाते. एका ठरावीक वेळेनंतर जिवंत माणसाच्या शोधाची आखणी आणि फक्त शोधाची आखणी या दोन वेगळ्या वाटा होतात. त्यातली कोणती धरायची हे पथकप्रमुखाने ठरवायचे आणि घरच्यांना सांगायचे, संगणकाने नव्हे.

दुसरे एक मागणे त्यात मिसळते: शोधणाऱ्यांचा जीव. पावसात नाळेत दोनदा माणसे उतरवायची म्हणजे काही टक्क्यांच्या आशेसाठी सहा-आठ जण दरडीखाली न्यायचे. या दोन मागण्या एका आकड्यात कोंबू नयेत, असे माझे मत आहे. सुदैवाने त्यासाठी चांगले साधन आहे आणि ते भारतातले आहे: आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत. जगभर ती एनएसजीए-टू या नावाने वापरली जाते. ती एकच उत्तर देत नाही, तर वाटांची रांग देते. एका टोकाला सर्वांत सुरक्षित आणि कमी आशेची, दुसऱ्या टोकाला सर्वांत जोखमीची आणि जास्त आशेची, आणि मधल्या अशा वाटा ज्यांपैकी कुठलीच दुसरीपेक्षा दोन्ही बाबतींत सरस नाही. कधी कधी त्या रांगेत असे दिसते की थोडीशी आशा सोडली तर जोखीम निम्म्यावर येते. डोंगरात उभे राहून हे मनातल्या मनात दिसणे अवघड आहे.

समुद्रात हे काम डोंगरापेक्षा पुढे गेले आहे. अमेरिकी तटरक्षक दल २००७ पासून अशी आखणी संगणकावर करते. आपल्याकडे हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेने 'सारथी'च्या धर्तीचे नाव वाटेल असे 'सरत' नावाचे साधन केले आहे, जे वारा आणि प्रवाह पाहून हरवलेली होडी वा माणूस कुठवर वाहत गेला असेल तो भाग दाखवते. कोकणातल्या मच्छीमारांसाठी ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. डोंगरात प्रवाह नसतो, पण माणूस स्वतः चालत असतो, म्हणून आमचा नकाशाही तासातासाला थोडा थोडा पसरवावा लागतो.

सध्या माझा आग्रह एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीसाठी असतो. रात्री पथक खाली आले की चहा हातात देण्याबरोबर त्यांच्या फोनमधली जीपीएसची रेघ उतरवून घ्यायची. दोन माणसांत अंतर किती होते, धुके किती होते, कोणत्या झाडीत हाका मारल्या आणि कोणत्या नुसत्या बाहेरून पाहिल्या, हेही तेव्हाच विचारायचे, कारण सकाळपर्यंत ते विसरले जाते. त्या रेघेभोवतीचे चौकोन फिके होतात, पण पूर्ण पांढरे होत नाहीत. बाकीचे थोडे गडद होतात. मग दोनशे वाटा पुन्हा जन्माला घालायच्या, यावेळी पहिल्या पिढीत कालची वाट उलट्या दिशेने टाकून, आणि साडेपाचला उजाडायच्या आत छापील कागद पथकप्रमुखाच्या हातात द्यायचा.